फोनवरची बोर्गहिल्ड

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, गावात असल्या बाईला कुणी तोंडावर बोलत नाही, फक्त ती आली की बिस्किटांचा डबा आत जातो. पण मी नाक खुपसलं नसतं तर बोर्गहिल्डची ही गोष्ट अर्धीच राहिली असती.

बोर्गहिल्ड माझी शेजारीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दर बुधवारी संध्याकाळी गावच्या रेडिओवर ती बिंगोचे आकडे वाचते, आणि तेवढा वेळ अख्खं गाव हातात पेन धरून चिडीचूप बसतं. चर्चमध्येसुद्धा इतकं लक्ष देऊन कुणी ऐकत नाही. म्हणून पालिकेने धोक्याची सूचना देणारं फोनचं यंत्र बसवलं, तेव्हा आवाज तिचाच घ्यायचं ठरलं.

गावामागचा डोंगर सरकतोय, हे आम्हाला ठाऊक आहे. सरकण्याचा वेग वाढला की हे यंत्र एकाच वेळी सगळ्या घरांतल्या मोबाइलवर फोन लावतं, बोर्गहिल्डचा निरोप ऐकवतं आणि शेवटी म्हणतं, 'कळलं असेल तर एक दाबा.' जो दाबत नाही त्याला लगेच परत फोन. दाबेपर्यंत यंत्र त्याची पाठ सोडत नाही.

आता आमची माणसं कशी, तर दुसऱ्याला 'हे कर' म्हणणं म्हणजे बुटांसकट त्याच्या घरात शिरणं. त्यामुळे बोर्गहिल्डने निरोप भरला तो असा: "मी बोर्गहिल्ड. त्रास देतेय, माफ करा. डोंगर जरा हललाय म्हणतात. जमत असेल तर शाळेत आलात तर बरं होईल."

त्या ऑक्टोबरात पाऊस थांबायचं नाव घेईना, आणि एका दुपारी खरंच फोन वाजले. आम्ही गुणी बाळासारखा एक दाबला आणि जो तो आपल्या कामाला लागला. मी बटाटे उकडायला टाकले. बोर्गहिल्ड 'जमत असेल तर' म्हणाली ना, म्हणजे घाई नसणार.

शाळेच्या व्यायामशाळेत पालिकेची मारित एकटीच बसली होती. आपत्तीचं खातं तिच्याकडे. तिने बोर्गहिल्डला गाडी पाठवून बोलावून घेतलं आणि तडकलीच. "अगं, हे काय वाढदिवसाचं आमंत्रण आहे? दरडावून सांग."

"मला नाही जमायचं ते."

"नवऱ्यावर कधी ओरडली नाहीस?"

"गरज नाही पडली. मी नुसती बघायचे त्याच्याकडे."

शेवटी कसंबसं तिने भरलं: "उठा. घर सोडा. आत्ता." एवढंच. तासाभरात गाव शाळेत हजर, आणि निम्मं गाव रुसलेलं. लाकडं फोडता फोडता तसाच उठून आलेला हाल्वोर तर तिच्यापुढे जाऊनच उभा राहिला. "एवढं खेकसायला काय झालं? नीट सांगितलं असतं तरी कळलं असतं."

"सांगितलं होतं, हाल्वोर."

"ते विचारलं होतंस."

मारितच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक दाबलेली सगळी घरं हिरवी झाली होती. एकच लाल. सगळ्यात वरचं, डोंगराच्या भेगेखालचं, सिवर्टचं. सिवर्ट एकटा राहतो, बकऱ्या पाळतो, महिन्यात चार वाक्यं बोलतो. रस्त्यावर दगड यायला लागले होते, म्हणून बचावाची गाडी वर जाईना आणि धुक्यामुळे हेलिकॉप्टरही उडेना.

"उचलतोय तो," मारित म्हणाली. "सगळं ऐकतोय. दाबत मात्र नाहीये. आणि यंत्र त्याची लाइन सोडत नाही, त्यामुळे साधा फोन लागत नाही."

"ऐकू कमी येत असेल," हाल्वोर म्हणाला.

बोर्गहिल्ड पांढरीफटक पडली होती. तिने मारितला विचारलं, "त्याच्यासाठी वेगळा निरोप देता येईल?"

"वेगळा नाही देता येणार. बदलला तर सगळ्यांनाच जाईल."

बोर्गहिल्डने माइक ओढला. त्यात तोंड घालून हळू आवाजात निरोप भरला. मग व्यायामशाळेतले सगळे फोन एकदम वाजले. ती समोर बसलेली असून आम्ही सगळ्यांनी फोन कानाला लावले.

"सिवर्ट, बोर्गहिल्ड बोलतेय. तू रविवारी माझ्या दारात चीज ठेवून जातोस ना, तेव्हा मी पडद्याआड उभी असते. दार उघडायला हवं होतं मी. बकऱ्या सोडून दे आणि पायवाटेने खाली ये. तुला काही झालेलं मला चालणार नाही."

आमच्याकडे असलं कुणी बोलत नाही, मेल्यावर थडग्यापाशीसुद्धा नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. हाल्वोरने तर नाक शिंकरलं. पडद्यावरचं शेवटचं घर हिरवं झालं.

अंधार पडायच्या आत तो आला. भिजलेला, गुडघे चिखलाने भरलेले, मागे दोन बकऱ्या.

"फोन आला होता," तो म्हणाला.

"कॉफी घे," बोर्गहिल्ड म्हणाली आणि बाकावर सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी डोंगराचा एक तुकडा खाली आला आणि त्याचा गोठा घेऊन गेला. घर उभं आहे, पण तिथे आता कुणाला राहू देत नाहीत.

सगळे म्हणतात, सिवर्ट हट्टी आहे. मला ते पटेना. हट्टी माणूस फोन आपटतो, पुन्हा पुन्हा उचलून शेवटपर्यंत ऐकत नाही. म्हणून एकदा मी खाली गावातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं, "एक का दाबत नव्हतास रे?"

कानापर्यंत लाल झाला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "दाबला असता तर तिचा फोन परत आला नसता."

मी कसली पोटात ठेवतेय. तडक बोर्गहिल्डकडे गेले आणि सांगून मोकळी झाले. तिचं विणकाम थांबलं.

"शुंभ," ती म्हणाली. "मेला असता ना." मग तिने मला हातानेच दार दाखवलं, फोन जवळ ओढला, आणि वहीत न बघता, पाठ असलेला त्याचा नंबर स्वतः लावला.