दारावरचे राघू

मी लग्न होऊन हिंगोलीत आले तेव्हा स्टेशनाबाहेर भाड्याच्या मोटारी मोजक्याच उभ्या असत. त्यातली एक आमची. आमच्या यजमानांनी ती परभणीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. रेल्वे तेव्हा हिंगोलीलाच संपायची. ज्याला पुढं वाशीमला किंवा इकडं औंढ्याला, जवळा बाजारला जायचं, तो गाडीतून उतरून टांगा बघायचा, नाहीतर आमची मोटार. रंग तिचा पिकल्या डाळिंबासारखा. दुपारच्या उन्हात तिच्या पत्र्यात तोंड दिसायचं.

मोटार चालवायचे चाचा. यजमानांपेक्षा वयानं बरेच मोठे, आधी एका जहागीरदाराकडे मोटारीवर होते. पगारी ड्रायव्हर म्हणून आले आणि वर्षभरात घरचेच झाले. मला ते 'बेटी' म्हणायचे. यजमानांना 'मालक' म्हणायचे, पण मालक चुकले की तोंडावर सांगायचे.

राघू मी चिकटवले. नांदेडहून येताना एका दुकानात पाण्याची चित्रं मिळाली होती. कागद परातीत भिजवायचा, उलटा ठेवून हलक्या हातानं दाबायचा, मग वरचा कागद सरकवून काढला की चित्र खाली उतरतं. शिलाईच्या मशीनवर, पत्र्याच्या पेटीवर लोक अशी चित्रं लावायचे. माझ्याजवळ दोन मोठे हिरवे राघू होते, चोचीत आंब्याची डहाळी धरलेले. पेटीवर ते मावेनात. मग मी ते मोटारीच्या पुढच्या दोन दारांवर लावले, एकेका दारावर एकेक.

यजमान हसले. चाचा मात्र दाराजवळ उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

"बेटी, हे काहून केलं? ह्याच्या मागं चिकटवायचा सरस असतो. सरस रंग खातो."

"खात न्हाई चाचा," यजमान म्हणाले. "उलट चित्राखालचा रंग राहील. छत्रीखालचा माणूस भिजतो का?"

"छत्री चिकटवलेली नसते, मालक."

त्या दिवसापासून हा वाद सुरू झाला. दोघांपैकी कुणीच तो सोडला नाही. पण महिन्याभरात उतारूच विचारायला लागले, "राघूची मोटार कुठं हाय?" पुढं आजूबाजूच्या गावांतही तेच नाव पडलं. चाचांची तक्रार थोडी कमी झाली. दार पुसताना ते राघूच्या कडेनं फडकं फिरवायचे, वरून नाही.

मग लढाई आली आणि पेट्रोल गेलं. काही लोकांनी कोळशाच्या गॅसवर चालवायला मोटारीमागं भट्टी बसवली. यजमानांना ते पटलं नाही. मोटार आमच्या वाड्याबाहेरच्या मोकळ्या जागेत उभी राहिली ती राहिलीच. डावी बाजू मावळतीकडे, उजव्या बाजूला शेजाऱ्यांची भिंत. उन्हाळ्यात दिवस कलला की सगळं ऊन डाव्या दारावर. चाचा त्या काळात टांगा हाकत होते, तरी शुक्रवारची नमाज झाली की आमच्याकडे यायचे, हँडल मारून इंजिन फिरवून बघायचे, धूळ पुसायचे, मोटार सावलीत ठेवा म्हणायचे, चहा घ्यायचे.

हळूहळू डाळिंबी रंग उतरला. आधी चमक गेली, मग बोट फिरवलं की बोटाला गुलाबी भुकटी लागायची. डावं दार तर सुकलेल्या कांद्याच्या सालीसारखं दिसायला लागलं. राघूही हिरवे राहिले नाहीत, पिवळट पडले.

"बघा," चाचा म्हणाले. "चित्राच्या बाजूचा रंग कसा उडाला. सरस पाझरला."

"बाजूचाच कशाला, टपाचाबी उडाला की. टपावर कुठं राघू हाय?"

"मग काढून बघू. खाली काय हाय ते दिसंल."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हात लावायचा न्हाई." त्या दिवसांत घरात नवं असं काही येत नव्हतं. ते दोन पिवळे पडलेले पक्षी मला फार जवळचे वाटायचे. वाद तिथंच थांबला.

लढाई संपली, पेट्रोल थोडं थोडं मिळायला लागलं आणि मोटार पुन्हा रस्त्यावर आली. ते फार दिवस टिकलं नाही. अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात आमच्या संस्थानातली हवा बिघडली, हत्यारबंद टोळ्यांचा धाक वाढला. गावोगावची माणसं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जाऊन राहिली होती. माझं माहेर वाशीमचं. पाऊस पडायच्या आत तिकडं निघायचं ठरलं. यजमान मोटार काढणार होते. चाचांनी अडवलं.

"बैलगाडीनं जा. राघूची मोटार सगळा तालुका वळखतो. तुमी कुठं चालले, कधी चालले, हे लोकांना सांगायची काय गरज?"

"आन मोटार?"

"माझ्या दारात राहील."

चाचींनी मला भाकऱ्या बांधून दिल्या. आम्ही दोघं आणि एक ट्रंक, एवढंच घेऊन निघालो. यजमान वळून बघत होते. घराकडे नव्हे, मोटारीकडे.

वाशीमला पावसाळा काढला. बातम्या यायच्या, काही खऱ्या, काही खोट्या. भादव्यात फौज आली आणि संस्थानाचं राज्य गेलं. दसरा झाल्यावर आम्ही परत आलो. आमचं घर जागेवर होतं, कुलूपही शाबूत. पण चाचांचं घर बंद. शेजारच्या कासारीण मावशींनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"आता त्यांची पाळी हाय भेण्याची," त्या म्हणाल्या. "कुणी काई केलं न्हाई त्याला. पण आजूबाजूचं ऐकून बायको थरथरून राहिली होती. आखाडा बाळापूरला तिचा भाऊ हाय, तिकडं गेले. किल्ली माझ्यापाशी हाय. तुमची मोटार परसात हाय म्हणून सांगून गेला."

चाचांच्या परसात पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या झाडांचा, मोठा ढीग होता. यजमान आणि मी एकेक पेंडी बाजूला करत गेलो. आत मोटार होती, सगळ्या अंगाला शेणामातीचा लेप. मी बादलीभर पाणी ओतलं, फडक्यानं दार पुसलं. राघू नव्हते. कुणीतरी खरवडून काढले होते. पत्र्यावर बारीक ओरखडे होते.

माझे हात थांबले. यजमानांनी आणखी पाणी मारलं. तेव्हा दिसलं, राघू गेला होता, पण त्याची जागा गेली नव्हती. फिकट दारावर डाळिंबी रंगाचा राघू, चोच, शेपटी, आंब्याची डहाळीसुद्धा. राघू चिकटवले त्या दिवशीचा रंग. डाव्या दारावर तो अगदी ठसठशीत होता. उजव्या दारावर नीट बघावं तेव्हा दिसायचा, कारण तिकडचा बाकीचा रंगच फारसा उडाला नव्हता.

इतकी वर्षं ज्यावरून वाद घातला ते समोर होतं. यजमानांनी त्या रंगावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "त्यांना घेऊन येऊ."

"मीबी येते," मी म्हटलं. "चाची माझ्या शब्दावर येतील."

दोन दिवस खटपट करून पेट्रोल मिळवलं. यजमानांना मोटार चालवता यायची, पण चाचांसारखी नाही. कळमनुरीपर्यंत ते रस्त्याकडे बघत होते, मी गिअर बदलताना होणारा आवाज ऐकत होते. बाळापूरच्या वेशीजवळ काही माणसं रस्त्यात उभी होती. हातात काठ्या. त्यांनी मोटार थांबवली.

"कुणाची गाडी? कुणाकडं?"

यजमान सांगायला लागले. त्या माणसांचा विश्वास बसेना. नव्या राज्यात कोण कुठून कशासाठी येतो, हे कुणालाच कळत नव्हतं. तेवढ्यात त्यातला एक शेतकरी वाकून माझ्या बाजूच्या दाराकडे बघायला लागला. त्यानं तो डाळिंबी राघू हात लावून बघितला.

"अरे, ही राघूची मोटार न्हाई का? माझ्या बापाला दवाखान्यात हिनंच नेलं होतं. चाचा होता चालवायला."

"त्यांनाच न्यायला आलो," मी म्हटलं.

तो माणूस मोटारीच्या पायरीवर उभा राहिला आणि आम्हाला चाचींच्या भावाच्या घरापर्यंत घेऊन गेला. मोटारीचा आवाज ऐकून आतलं बोलणं बंद झालं. दार उघडेना. मग मी उतरून हाक मारली, "चाची, मी आलीय." साखळी निघाली. चाची बाहेर आल्या आणि मला धरून उभ्या राहिल्या. चाचा त्यांच्या मागं. दाढी वाढलेली, अंग उतरलेलं.

चहा झाल्यावर चाचांनीच सुरुवात केली. आम्ही गेल्यावर काही लोक राघूची मोटार मागायला आले होते. मालक वऱ्हाडात घेऊन गेला, असं चाचांनी सांगून टाकलं. ते पुन्हा येतील म्हणून मग चित्रं काढायला बसले.

"रॉकेल लावलं, ताक लावलं, चमच्यानं खरवडलं. चित्र निघालं, बेटी. खालचं काय निघेना. जितकं घासलं तितकं चमकून राहिलं. मग म्हटलं, लिपूनच टाकावं."

"म्हणजे सरसानं रंग खाल्ला न्हाई," यजमान म्हणाले. आवाजात जिंकल्यासारखं काही नव्हतं.

"न्हाई. उन्हानं खाल्ला. सगळीकडचा खाल्ला, तेवढा राघूखालचा राहिला." चाचा यजमानांकडे वळले. "मालक, तुमचं बराबर होतं. पण मोटार सावलीत ठेवा म्हणत होतो, ते माझंबी बराबर होतं."

त्यावर यजमान मोठ्यानं हसले. कितीतरी महिन्यांनी मी ते हसणं ऐकत होते.

"चला आता घरी," ते म्हणाले.

चाचा चाचींकडे बघायला लागले. चाचींनी मला विचारलं, "राहू का आमी तिथं? खरं सांग."

मी म्हटलं, "आमच्या घरात राहा आधी. मग बघू." त्यापेक्षा जास्त सांगायची माझी ताकद नव्हती. त्यांना तेवढं पुरलं. परत येताना चाचांनी चालवलं. चाची त्या दिवशी पहिल्यांदा मोटारीत बसल्या. वाटेत त्यांना दोनदा उलटी झाली. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा ओढ्याच्या पाण्यानं तोंड धुऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "ह्याच्यासाठी तुमी जिंदगी घातली?"

हिवाळाभर ते आमच्या माजघरात राहिले. संक्रांतीनंतर आपल्या घरी गेले. जाताना चाची रडल्या नाहीत, मी रडले.

त्याच सुमारास दुकानांच्या पाट्या रंगवायला एक पेंटर हिंगोलीत आला होता. त्याला मोटार दाखवली. त्यानं दाराचा एक कोपरा घासून दाखवला. वरची मेलेली भुकटी निघाली आणि खालून थोडा डाळिंबी रंग वर आला. नुसतं दार रंगवलं तर ते बाकीच्या मोटारीपेक्षा वेगळं दिसेल, सगळी मोटार घासून बघा, असं तो म्हणाला. मग एक रविवार चाचांनी उजवी बाजू घेतली, यजमानांनी डावी. उजवं दार संध्याकाळपर्यंत सारखं झालं. डाव्या दारात ऊन फार खोल गेलं होतं. कितीही घासलं तरी राघू दिसतच राहिला. यजमान खांदा चोळत म्हणाले, "राहू दे."

मोटार पुढं बरीच वर्षं वाशीमच्या रस्त्यावर चालली. चाचांची नजर अधू झाल्यावर त्यांचा जावई चालवायचा. शेवटी जवळा बाजारच्या एका व्यापाऱ्यानं ती घेतली. मागची बैठक काढून तो तिच्यातून सरकीची पोती वाहत असे. चाचा बाजाराच्या दिवशी मुद्दाम जाऊन इंजिनचा आवाज ऐकून यायचे आणि आमच्या ओसरीवर बसून सांगायचे, की तो माणूस तेल वेळेवर घालत नाही.