दिपालीचे पापड आणि गोराईचं पाणी

दिपाली भांडायला लागली तरी हातातलं काम थांबवत नाही. कात्रीनं निकेलची जाळी कापता कापता ती भांडते आणि तुकडा तरीही सरळ कापला जातो. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची छोटीशी लॅब आहे. तिथे तिच्याशी सगळ्यांत जास्त मी भांडले आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहायचा हक्क मी माझाच समजते.

तिचं काम सांगायला सोपं आहे. पाण्यात दोन पट्ट्या बुडवून वीज सोडली की एकीवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, दुसरीवर ऑक्सिजनचे. पण यात वीज फार खर्च होते. म्हणून पट्टीवर असा काही थर चढवायचा, की कमी विजेत पाणी फुटेल. तो थर दिपाली बनवते. आमची पट्टी म्हणजे स्पंजासारखी निकेलची जाळी. ती ॲसिडमध्ये धुऊन घ्यायची. निकेलचे आणि लोखंडाचे क्षार युरियाबरोबर पाण्यात विरघळवायचे. जाळी त्यात सोडून सगळं जाड पोलादी डब्यात घट्ट बंद करायचं आणि डबा ओव्हनमध्ये ठेवायचा. तो पुरता गार होईपर्यंत उघडायचा नाही. बाहेर येते तेव्हा करडी जाळी पिवळट तपकिरी झालेली असते, नुसत्या डोळ्यांना गंजलेलीच वाटते. माझ्या मायक्रोस्कोपखाली मात्र अतिशय पातळ पत्रे एकमेकांना टेकून उभे दिसतात. लॅबमध्ये सगळे त्यांना नॅनोशीट म्हणतात. दिपाली पापड म्हणते. "रुचिरा, आजचे पापड कसे पडलेत गं?" हे विचारताना तिचा चेहरा परीक्षेचा निकाल बघायला आल्यासारखा असतो.

ती गोराईची. वडील तुळशीदास अजून मासेमारीला होडी घालतात, आई कमळ बोरिवलीच्या बाजारात मासळी विकायला बसते. घरात रसायनशास्त्र शिकलेली ही पहिलीच. एमएस्सी झाल्यापासून ती आमच्याकडे आहे. लॅबचे जे काही पेपर छापून आले, त्यांत तिचं नाव कधी शेवटून दुसरं, कधी नुसतं आभारात. ती बोलून दाखवायची नाही, पण पेपर आला की आधी शेवटचं, आभारांचं पान उघडायची, हे मी पाहिलंय.

मग तिनं खऱ्या समुद्राच्या पाण्याचा हट्ट धरला. "डिस्टिल्ड वॉटरमध्ये मीठ टाकून त्याला समुद्र म्हणायचं? लाज वाटत नाही का तुम्हाला?" असं तिनं आमचे प्रमुख हर्षद सर यांना तोंडावर विचारलं. सर हसले आणि आण म्हणाले. तेव्हापासून तुळशीदासकाका दर आठवड्याला तिला खाडीच्या पाण्याचा कॅन भरून देऊ लागले. "भरतीचं घ्या, मधल्या धारेचं," एवढंच तिनं त्यांना सांगितलं होतं.

आणि दिपालीचे पापड त्या पाण्यात टिकले. खाऱ्या पाण्यात पट्टी झिजते, क्लोरीन सुटून खोलीभर पोहण्याच्या तलावासारखा वास येतो, असा आमचा सगळ्यांचा अनुभव. हिच्या पट्टीला काही म्हणजे काही होईना. आठवडे गेले तरी वीज तेवढीच लागत होती. पाण्यात थोडी अल्कली मिसळायची, बाकी पाण्याला हातही लावायचा नाही. सरांनी पेपर लिहायला घेतला. खाडीचं कच्चं पाणी, न गाळता, न निवळता, यातच त्याचा सगळा जीव होता. पहिलं नाव दिपालीचं. या पेपरवर तिला पीएचडीला घ्यायला एक प्राध्यापकही तयार झाले होते. तिनं आईला फोनवर सांगितलं तेव्हा मी शेजारीच होते. कमळकाकू बाजारातूनच इतक्या मोठ्यानं ओरडल्या, की मला इथे ऐकू आलं.

मला चांगला निकाल दिसला की आधी शंका येते. माझा स्वभावच तसा. शिवाय आमच्याकडे नियम आहे: पेपर जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी सगळं पहिल्यापासून आपल्या हातानं करून बघायचं. ते काम माझ्याकडे आलं. मी जाळी कापली, थर चढवला, बोरिवलीहून गोराईच्या फेरीबोटीत बसले आणि खाडीच्या मध्यावर दोरीला बादली बांधून पाणी काढलं. फेरीतली माणसं मला वेड लागलंय असं समजून बघत होती.

माझ्या पट्टीची दोन दिवसांत वाट लागली. वीज जास्त जास्त लागत गेली, वास सुटला. मायक्रोस्कोपखाली पापड दिसतच नव्हते. त्यांच्यामधल्या फटी चिखलानं लिंपल्या होत्या.

"पाणी बघ किती गढूळ आहे. तू काठालगतचं घेतलंस," दिपाली म्हणाली.

"मधलं घेतलं."

"मग जाळी नीट धुतली नसशील. तुला घाई असते."

"माझे पापड तूच पाहिलेस ना पाण्यात घालायच्या आधी? झकास म्हणालीस."

ती कात्री चालवत राहिली. मग म्हणाली, "रविवारी घरी चल. बाबा पाणी काढतात तिथं उभी राहा आणि बघ. मग तरी गप्प बसशील ना?"

रविवारी गेले. सकाळी भरती होती. काका आम्हाला होडीतून मधल्या धारेपर्यंत घेऊन गेले, कॅन बुडवून भरला आणि परत आले. पाणी माझ्या बादलीतल्यासारखंच गढूळ होतं. दिपाली ते बघत होती. मला वाटलं, आता कॅनला झाकण लागेल आणि विषय संपेल. पण काकांनी कॅन अंगणात नेला, एका मोठ्या पातेल्यात ओतला, कोनाड्यातून तुरटीचा खडा काढला आणि शांतपणे पाण्यात गोल गोल फिरवायला लागले.

"बाबा, हे काय करताय?" दिपालीचा आवाज कसातरीच आला.

"निवळतोय. दर येळी करतो तसाच." काका माझ्याकडे बघून हसले. "आमच्याकं नळ नव्हता तवा पावण्याला पाणी द्यायचा तर आधी तुरटी फिरवायची. असाच कसा देनार? हिच्या हापिसात साहेब लोक हाय. तुळशीदासानं पोरीच्या हातात चिखल दिला असा कोन बोलला तर?"

गाळ हळूहळू खाली बसत गेला. वरचं पाणी आमच्या लॅबमध्ये यायचं तसं नितळ झालं. काकांनी ते स्वच्छ फडक्यातून कॅनमध्ये ओतलं, कणभर गाळ येऊ न देता.

मी दिपालीकडे बघितलं नाही. बघवेना. खोटं सांगत नाही, तिनं गप्प राहावं असंच मला वाटलं. माझी पट्टी मीच बिघडवली, असं सरांना सांगायला मी एका पायावर तयार होते. माझ्या नावाला काय धाड भरली होती?

"मला कळायला पाहिजे होतं," ती हळूच म्हणाली. "रुचिरा, या खाडीत मी पोहायला शिकले. इथलं पाणी असं नितळ असतं होय? पण लॅबमध्ये काचेत दिसलं आणि छान वाटलं, यार. इतकं छान वाटलं की मी विचारच केला नाही."

"मी कुणाला बोलणार नाही," मी म्हणाले.

"तू नाही बोलणार. पण पेपर वाचून कुणीतरी आपली बादली भरेल आणि माझ्यासारखीच एखादी महिनोन् महिने जाळी घासत बसेल." मग ती वडिलांसमोर उकिडवी बसली. "बाबा, हे पाणी नको. मला खाडीतलं आहे तसंच पाहिजे. तुरटीनं गाळ बसला, म्हणून माझी पट्टी टिकली. कच्च्या पाण्यात ती टिकत नाही. मी लिहिलंय ते खोटं आहे."

काकांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "म्हंजे माज्यामुलं तुजा काम बिघारला?"

"नाही बाबा."

"मंग रडतंस कनाला?"

तिनं बाहीनं डोळे पुसले. त्यांनी पातेलं उचललं, तळाचा गाळ माडाच्या बुंध्याशी ओतला आणि पाठमोरे उभे राहिले. जेवताना कमळकाकूंनी माझ्या ताटात दोनदा पापलेट वाढलं. काका आमच्या पंगतीला बसलेच नाहीत.

दिपालीनं तिथूनच हर्षद सरांना फोन केला आणि पेपर थांबवायला सांगितला. सर म्हणाले, पहिल्यापासून करू. प्राध्यापकांना तिनं स्वतः कळवलं. पुढच्या वर्षी बघू, असं त्यांचं उत्तर आलं. आता ती दोन्ही पाण्यांत पट्ट्या चालवते आहे, निवळलेल्या आणि कच्च्या. निवळलेल्यात पापड टिकतात, कच्च्यात मरतात. तेवढंच खरं आहे आणि तेवढंच ती लिहिणार आहे. तुरटी कुणी फिरवली, तेही नावानिशी लिहायचं म्हणते.

कच्च्या पाण्याचा पहिला कॅन घ्यायला तिच्याबरोबर मीही बोरिवलीच्या जेटीवर गेले. काका स्वतःच्या होडीतून आले होते. मासळीच्या टोपल्या घेऊन बायका उतरत होत्या, त्यातल्या बऱ्याच जणी त्यांच्या ओळखीच्या. सगळ्या पुढे जाईपर्यंत काका होडीतच बसून राहिले. मग कॅन वर दिला. झाकण आवळून बसवलेलं, आणि वरून धुतलेलं गोणपाट चारी बाजूंनी गुंडाळून सुतळीनं बांधलेलं, आतलं पाणी कुठूनही दिसू नये असं.

"गढूळच हाय," ते दिपालीला म्हणाले. "तू बोललीस तसाच. हात नाय लावला."

दिपालीनं कॅन घेतला आणि मान हलवली. काका होडी वळवायला लागले, मग थांबून माझ्याकडे वळले.

"बाय," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हापिसात कोनी इचारला, तर कोनी दिला ते नको सांगू."