जुन्या बाजारातला कठडा

नव्वदच्या दशकात आमच्या जे. पी. नगरच्या घरी कुणीही पहिल्यांदा आलं की विचारायचं, "आर्किटेक्ट कोण?" लाल कोबा, सागवानी कठडा, जुनी दारं, विजेची गोल काळी बटणं. सगळं बंगळूर सनमायकाच्या मागे लागलेलं, आणि आमच्याकडे हे असलं घर. एक बाई तर फोटो काढून घेऊन गेल्या. खरं कारण त्यांना सांगितलं असतं, पण दिवाणखान्यात बसून चिवडा खाताना सांगण्यासारखं ते नव्हतं.

कारण म्हणजे अण्णा, माझे सासरे. जयनगरच्या भाड्याच्या घरात त्यांचा संसार झाला, आणि काचबिंदूने डोळे गेले तेही तिथेच, हळूहळू. त्यामुळे ते घर त्यांना पाठ होतं. आपले आपण उठायचे, आंघोळ करायचे, फाटकापर्यंत जाऊन शेजाऱ्यांशी राजकारणावर भांडून यायचे. मालकाला तिथे फ्लॅट बांधायचे होते, म्हणून आम्ही स्वतःचं घर बांधून इकडे आलो. गुळगुळीत टाइल्स, सगळ्या खोल्यांना एकसारखी सपाट दारं. मी पुण्याची, नव्या घराचा मला केवढा तोरा! आणि अण्णा कॉटवर बसले ते बसलेच.

टाइलवर पाय घसरायचा, भिंतींवरून हात नुसता सरकायचा. संडासला जायचं तरी कुणाचा तरी हात लागे, आणि काही झालं तर कळावं म्हणून आम्ही दार नुसतं लोटून बाहेर उभे राहत असू. नवरा कामावर गेला की उरले मी. जन्मभर ताठ मानेने नोकरी केलेला माणूस. सुनेला यासाठी कशी हाक मारणार? थोड्याच दिवसांत त्यांनी दुपारची कॉफी सोडली. मग पाणीही जवळजवळ बंद केलं. "तहान नाही गं," म्हणायचे. ऐन एप्रिलात तहान नाही! लघवीला जळजळ होऊन डॉक्टरांकडे न्यावं लागलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नवऱ्याने उशाशी घंटी आणून ठेवली, तर म्हणाले, "हे काय देऊळ आहे?"

मग आम्ही दोघांनी ठरवलं, हे घर त्या घरासारखं करायचं. जयनगरला धावलो, तर ते पाडूनही झालं होतं, आणि दारं-खिडक्या कंत्राटदाराने कुठे विकल्या ते त्यालाच आठवेना. पण त्या वर्षांत जुने बंगले धडाधड पडत होते. रविवारच्या जुन्या बाजारात, लाकडाच्या वखारींत त्यांचं सामान पडलेलं असायचं. दर रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून निघायचो. एकदा तर एका दारासाठी पार देवनहळ्ळीपर्यंत गेलो. येताना दार टेम्पोत आणि आम्ही त्याच्या मागे, लग्नाच्या वरातीसारखे. वाटेत कुठेतरी इडली खायची, बटणांवरून भांडायचं. लग्न झाल्यावर आम्ही दोघं एवढे कधी फिरलो नव्हतो. ते रविवार आठवले की अजून मन हळवं होतं.

नातेवाइकांनी अर्थातच तोंडसुख घेतलं. "नव्या घरात भंगार भरताय?" नवऱ्याच्या आत्याबाई तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या घरचं दार त्यांची साडेसाती घेऊन येतं हो." मी म्हटलं, "येऊ दे की, आमच्या साडेसातीला सोबत होईल." त्या महिनाभर फिरकल्या नाहीत.

टाइल्स उखडून जयनगरसारखा लाल कोबा घातला. मग कठडा आला, कुठल्यातरी बंगल्याच्या जिन्याचा. अण्णांच्या खोलीपासून संडास-न्हाणीघरापर्यंतच्या बोळात तो भिंतीला ठोकायचा बेत होता. नवऱ्याच्या उत्साहाला उधाण आलेलं. त्याने लाकडातले सगळे खळगे भरून घेतले, वर असं पॉलिश करवलं की तोंड दिसावं. कठडा बसल्यावर अण्णांनी त्यावर हात ठेवला, चार पावलं टाकली आणि मागे फिरले.

"नवा केलात?" त्यांनी विचारलं.

"जुनाच आहे हो अण्णा, चांगला पन्नास वर्षांचा," मी म्हटलं.

"सरी, ठीक आहे, असेल. हाताला काही लागत नाही."

इतक्या उन्हातान्हातून आणलेला कठडा! मला रडूच आलं, आणि रागही आला, कुणावर ते मात्र कळेना.

नंतर न्हाणीघराचं दार आलं. पॉलिशवाला गौरी-गणपतीला गावी गेला तो तिकडेच रमला, म्हणून ते होतं तसंच बसवलं, रंगाचे पोपडे उडालेलं. मी अण्णांना हात धरून नेलं आणि जाता जाता सारवासारव करू लागले, की पॉलिश व्हायचंय, घाण दिसतंय. ते ऐकतच नव्हते. दाराच्या कडेवरून त्यांची बोटं खाली येत होती. एका ठिकाणी थांबली.

"इथं कुणाचातरी अंगठा बसत होता बघ. उंच माणूस होता, माझ्यापेक्षा स्वल्प जास्तच." पुन्हा पुन्हा तिथेच अंगठा ठेवून पाहत होते. नव्या घरात आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते. "आपल्या घरचं नव्हे हे."

"नाही अण्णा. आपलं मिळालं नाही."

"असू दे गं. कुणाचं का असेना, हात लागलेला आहे. मला तेवढं पुरे."

त्या रविवारी आम्ही बाजारात गेलो नाही. नवरा पॉलिशपेपर घेऊन बोळात बसला आणि स्वतःच्याच पैशाने केलेली चकाकी स्वतःच्याच हातांनी घासून काढू लागला. भरलेले खळगे पुन्हा उघडे पडले. दाराच्या जरा अलीकडे एक मोठा खळगा होता. कितीतरी माणसं त्या बंगल्यात जिना उतरताना तिथे हात टेकून वळली असणार. अण्णा आतून त्याला सूचना करत होते, "सावकाश. जास्त खरवडू नकोस."

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी तांदूळ निवडत होते. बोळातून पावलं ऐकू आली, अडखळती, पण थांबत नव्हती. धावत गेले. अण्णा एकटेच चालले होते, कठड्यावर हात, मान ताठ. मी मागेच राहिले. मोठ्या खळग्यापाशी त्यांचा हात थांबला, ते वळले, आत गेले. दार लागलं. आणि मग आतून कडी घातल्याचा आवाज आला.

इतक्या महिन्यांत त्या माणसाला आतून कडी घालता आली नव्हती. मी तिथेच भिंतीला टेकून पदर तोंडात धरून रडले. मग भीतीही वाटली. बाहेरूनच ओरडले, "अण्णा, कडी काढता येईल ना? मी इथंच उभी आहे."

"कशाला उभी आहेस?" आतून जुन्या घरातला तो करडा आवाज आला. "जा तू तुझ्या कामाला."