बरणीतली काळी बटणं

आमच्या ताईला नाटकाचे पोशाख शिवायचे होते. राजापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांचे! काम चालून आलं होतं आणि नाटकवाल्या बाई शनिवारी संध्याकाळी उत्तर ऐकायला येणार होत्या. पण भावजींचं पालुपद एकच, "वेळ कुठंय? दिवसभर तुम्हा बहिणींच्या गप्पा!"

माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या शिलाईच्या दुकानात काज-बटणं करते. तोंड चालतं हे खरं, पण हातही चालतात की! म्हटलं, वेळ जातो कुठं याचा एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. फोनवर एक घंटी लावली. ती कधीही वाजणार, आधी कुणालाच पत्ता नाही. वाजली की ताईनं त्या क्षणी ती काय करत होती ते खरं खरं सांगायचं आणि बरणीत बटण टाकायचं. नवं शिवत असेल तर पांढरं, गप्पा असतील तर लाल, उसवत असेल तर काळं. भावजींनी लाल बटणांची अख्खी पुडी काढून दिली. केवढा उदार माणूस!

काय मजा आली म्हणून सांगू! कधी ताईच्या तोंडात टाचण्या, कधी गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप. एकदा आम्ही खो-खो हसत असताना घंटी वाजली आणि भावजी "बघा!" म्हणून टाळी वाजवून मोकळे झाले. पण बरणीत लाल बटणं कमी आणि काळीच जास्त. एवढं उसवते काय ही? मी नीट पाहू लागले. भावजी चहाला गेले रे गेले की ताई त्यांनी शिवलेली पँट ओढायची आणि ब्लेड चालवायची. टीप नागमोडी गेलेली. जवळचं दिसत नव्हतं त्यांना, पण चष्म्याचं नाव काढायची सोय नव्हती. "चष्मेवाल्या शिंप्याकडे कोण येतं?" म्हणायचे.

शनिवारी नाटकवाल्या बाई येऊन बसल्या. भावजी चहाला गेलेले. ताई घाईघाईनं उसवत होती, तेवढ्यात भावजी दारात आणि घंटी खणखणली!

"सांग की, काय करतेयस?" भावजी हसत म्हणाले.

ताईचा चेहरा पांढरा पडला. तिला शिवणकाम शिकवलं होतं ते भावजींनीच. पण ठरलं म्हणजे ठरलं.

"अहो, तुम्ही घातलेली टीप उसवतेय," ती हळूच म्हणाली. "रोजच उसवते."

भावजींनी बरणीकडे पाहिलं आणि तडक बाहेर पडले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "गेलं काम," ती म्हणाली. नाटकवाल्या बाई उठायला लागल्या, तर मी त्यांचा हातच धरला.

आणि भावजी आले! नाकावर कोपऱ्यावरच्या दुकानातला तयार चष्मा, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही. आल्या आल्या बाईंना म्हणाले, "सगळे पोशाख आमच्याकडे. कापड उद्याच पाठवा." मी तर उडीच मारली!

मग त्यांनी ती पँट उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि खाली बसले.

"अगं, असं शिवत होतो मी?"

"कधीतरीच," ताई म्हणाली.