दाजींच्या वहीतले बैल

फोन आला तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होतो. घोडेगावहून अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, आवाज आला, "गेले रे..." आणि बिस्किट तुटून चहात पडलं. माणूस किती किरकोळ असतो पाहा, मी आधी बिस्किटाकडे बघितलं. गेले ते अक्काचे यजमान, आमचे दाजी. सकाळी बाजाराला निघायचं म्हणून चपला घालायला वाकले आणि तिथंच बसले. माझ्या डोक्यात दुसरा विचार आला तो बिस्किटाहूनही वाईट होता... जुईला न्यायचं की नाही?

जुई माझी मुलगी. सतरा वर्षांची, स्वमग्न. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते तिला चेहऱ्यावरून उमगत नाही, आणि तिच्या मनात येतं ते ती जसंच्या तसं बोलून मोकळी होते. माझी आई गेली तेव्हा भरल्या घरात तिनं विचारलं होतं, "आजीचा आता वास यायला लागेल का?" बायका रडायच्या थांबल्या. मी तिला दंडाला धरून शेजारच्या घरी नेऊन बसवलं. मागोमाग दाजी आले. म्हणाले, "मास्तर, पोरीनं काय वंगाळ इचारलं? तुमच्याबी मनात तेच हुतं. तुमी बोलला न्हाई, एवढंच." मला फार राग आला. कारण ते खरं होतं.

दाजी घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. शिक्षण सहावी. मी देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत मराठी शिकवतो, तेव्हा घरात शहाणा कोण हे वेगळं सांगायला नको. त्या शहाणपणातून मी जुईसाठी पुण्याहून तीन गुळगुळीत पुस्तकं आणली होती. लोकांत कसं वागावं हे अशा मुलांना समजावून सांगणारी. त्यातली मुलं वाढदिवसाला जायची, "मी तुमच्यात खेळू का?" असं विचारायची आणि बाकीची मुलं "अवश्य!" म्हणायची. आमच्या गल्लीत "अवश्य" म्हणणारं माणूस मला अजून भेटायचंय. आई गेल्यानंतरच्या त्या दिवसांत दाजींनी तिन्ही पुस्तकं तासभर चाळली. "एका पानावर एकच गोष्ट, शेजारी चित्र. हे लई बेस हाय," म्हणाले. मग चष्मा काढून विचारलं, "पर ही कुठल्या गावची मानसं?"

एका पानावर, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं, असं लिहिलं होतं. त्यावर दाजी खो खो हसले. "बाजारात जो डोळ्याला डोळा लावून बोलतो ना मास्तर, तो आजारी जनावर गळ्यात मारायला आलेला आसतो. तिला कानानं ऐकू द्या की."

आठवड्याभरात शंभर पानी वही आली. 'लग्नाला गेल्यावर'. मग दुसरी, 'एष्टीत बसल्यावर'. एका पानावर एकच गोष्ट, शेजारी चित्र. पण दाजींना माणसं काढता यायची नाहीत, बैल मात्र असा काढायचे की हात फिरवावासा वाटे. म्हणून त्या वह्यांत सगळे बैलच. टोपी घातलेला बैल चहा पितोय, पदर घेतलेली गाय बसच्या खिडकीशी बसलीय. आणि प्रत्येकाचे कान नीट बघायचे. कान मागं, म्हणजे राग. कान टवकारलेले, म्हणजे त्याला तुझं ऐकायचंय. कान खाली पडलेले, म्हणजे आतून दुखतंय, बोलणार नाही. जुईला माणसांचे चेहरे कळत नव्हते, पण हे कान तिला पाठ झाले.

चुकायचेही. पहिल्या वहीत त्यांनी लिहिलं होतं, "पाव्हन्यानं वाढताना दोनदा न्हाई म्हनायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं." काष्टीला एका लग्नात वाढप्यानं जिलबी एकदाच विचारली आणि तो पुढं गेला. जुई पंगतीतून ओरडली, "अहो, अजून दोनदा विचारा ना!" मी ताटात तोंड खुपसलं. दाजींनी घरी येऊन तांबड्या पेनानं ते पान खोडलं आणि खाली लिहिलं, "चूक दाजीची. भूक आसली तर पयल्यांदाच घ्यायचं." चूक झाली की ते वही दुरुस्त करायचे. मी मात्र तोवर पोरीलाच दुरुस्त करत आलो होतो.

चौथी वही होती 'कुनी गेल्यावर'. आई गेल्यावर लिहिलेली. फोन आल्यावर मी ठरवलं की जुईला तिच्या आईपाशी ठेवून एकट्यानंच जावं. चपला घालतोय तर जुई ती वही छातीशी धरून दारात उभी. "दाजींनी लिहिलंय, जायचं असतं." बायकोनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गुपचूप जुईला घेऊन निघालो.

अंत्यविधी आटोपून आम्ही अक्काच्या घरी परतलो तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती. मी जीव मुठीत धरून होतो, आता ही काय विचारते... वहीत लिहिलं होतं, "रडू आलं न्हाई तरी चालतं. काय इचारायचं आसंल तर भायेर येऊन दाजीला इचारायचं." त्या पानाशी ती बराच वेळ थांबली. मग वही मिटून अक्काशेजारी जाऊन बसली. तासभर, एक शब्द न बोलता. नंतर उठली आणि कुणाकडे न बघता चालू पडली.

मला वाटलं, झालं! लोक म्हणतील, मास्तरच्या पोरीला निघताना बोलायचीही रीत नाही. तिची चूक झाकायला मी घाईनं उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बरंय अक्का, येतो आम्ही!"

कोपऱ्यातले एक म्हातारबा खाकरले. मयताच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तीस वर्षं मराठी शिकवणाऱ्याला तेवढं आठवलं नाही. अक्कानंच नुसता हात हलवला, जा म्हणून.

बाहेर जुई मोटारसायकलपाशी उभी होती. "अशा घरातून येतो म्हणायचं नसतं बाबा. वही चौथी. पान अकरा."

"व्हय," मी म्हणालो.

याला आता सव्वा महिना झाला. परवा तिच्या टेबलावर ती वही उघडी दिसली. दाजी प्रत्येक वहीची शेवटची पानं कोरी सोडून वर लिहायचे, "हितं जुईनं लिव्हायचं." इतकी वर्षं तिनं काही लिहिलं नव्हतं. आता तिथं तिच्या टपोऱ्या अक्षरात होतं, "काही माणसं चुकून येतो म्हणतात. त्यांना लोकांसमोर सांगायचं नाही. बाहेर आल्यावर सांगायचं."

शेजारी बैल काढलाय. दाजींच्या हाताची सफाई नाही त्याला, पाय पाच झालेत. नाकावर माझ्यासारखा चष्मा आहे. त्या दिवशी मी रडलो नव्हतो, घरात धीराचा म्हणून सगळे माझ्याकडेच बघत होते, कुणाला काही कळलं नाही असंच मी धरून चाललो होतो...

बैलाचे दोन्ही कान खाली पडलेले आहेत.