रिकाम्या ट्रेवरची रेघ

मनकर्णा हे नाव ऐकून लोकांना वाटतं, कुणी नऊवारीतली म्हातारी असणार. कसली म्हातारी! शेवगावच्या शेतकरी कानिफनाथाची ही तरणीताठी लेक संगमनेरच्या कॉलेजात पीएच.डी. करते, आणि खोटं बोलायची वेळ आली की तिची दातखीळ बसते. बघायला आलेल्या पाहुण्यांनी पुरणपोळीची वाहवा केली, तर ही बया सरळ म्हणाली, "चुलत बहिणीनं केलीय ती. मला भाकरी येते." स्थळ गेलं. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

असली पोरगी यज्ञेश्वर सरांच्या हाताखाली आली, म्हणजे ठिणगी पडणारच की हो! सर वाईट नव्हते. शिकवायचे छान, पण निकालाची घाई फार. मनकर्णा शोधत होती बाजरीतलं एक प्रोटीन. पाऊस दडी मारतो तेव्हा त्याच्याच जोरावर रोप तगतं, असा तिचा होरा. सापडलं तर प्रबंध पुरा. नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि घरी आईनं बजावलं होतं, यंदा नाही झालं तर बास, लग्नाला उभी राहा.

प्रोटीन दिसायचं ते विभागातल्या यंत्रात. यंत्र म्हणजे काळी पेटी, वर कॅमेरा, खाली सरकता ट्रे. त्यात दोन तऱ्हांनी फोटो निघतो. एक, प्रोटीन ज्यात पसरवतात त्या चिकट वडीवर, म्हणजे जेलवर, निळ्या दिव्याचा उजेड पाडून. दुसरा, मिट्ट काळोखात. प्रोटीन एका पातळ पडद्यावर, म्हणजे मेम्ब्रेनवर, उतरवायचं, औषध घालायचं, की हवं ते प्रोटीन असेल तिथं आपोआप मंद उजेड पडतो आणि कॅमेरा तो टिपतो.

दसरा झाल्यावर दिव्याखालच्या फोटोत रेघ आली. नेमकी हव्या त्या जागी, लखलखीत! सरांनी पेढे वाटले. पण त्याच नमुन्याची मेम्ब्रेन काळोखात ठेवली तर काहीच नाही. पुन्हा केली, तरी ठार अंधार.

"मेम्ब्रेन बिघडली असेल," सर म्हणाले. "प्रबंधाच्या समितीपुढं जेलचाच फोटो दाखव."

मनकर्णाला ते पटेना. तिनं जेल उचललं, नुसता ट्रे आत सारला आणि दिवा लावला. रेघ तिथंच! ट्रे बाहेर काढून तिनं नीट न्याहाळला. पांढऱ्या प्लास्टिकवर पिवळसर डाग. ओलं बोट घासून नाकाशी नेलं, तर हळद.

खंडेनवमीला सरांनीच यंत्राची पूजा केली होती. बाहेर झेंडूचा हार घातला, आणि खरं काम तर आत चालतं, म्हणून ट्रेवरही हळदीचं बोट ओढलं. नंतर पुसलं, पण हळद कुठं जाते पुसून? प्लास्टिकात मुरली आणि दिव्याखाली झळकली.

संतापली की मनकर्णाची गावाकडची बोली बाहेर पडते. "सर, हे प्रोटीन न्हाई. तुमची हळद हाय."

सरांचा चेहरा पडला. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय न्हवं!"

"प्रबंधावर सही माझी लागते, मनकर्णा."

"नका करू सही. हळदीच्या जोरावर डॉक्टर व्हायला मी काय नवरी हाय?"

समितीपुढं तिनं दोन्ही फोटो लावले, एक जेलचा आणि एक रिकाम्या ट्रेचा. खसखस पिकली. तिचे कान तापले, पण मान ताठच राहिली.

"मग तुमचं प्रोटीन कुठाय?" एका सदस्यानं विचारलं.

"सापडलं नाही. पुन्हा शोधीन. नसेलच, तर नाही असं लिहीन."

"आणि ट्रेला हळद लावली कुणी?"

मनकर्णानं नजर फोटोवरच ठेवली. पहिल्या रांगेतून यज्ञेश्वर सर सावकाश उठले. "मी," ते म्हणाले. त्यानंतर कुणी हसलं नाही.

वर्षभराची मुदत वाढली. तिनं बापाला फोन लावला. "आबा, न्हाई उगवलं."

"मग? दुबार पेरनी करतोच की आपन," कानिफनाथ म्हणाला. "तुज्या आईला मी सांगतो."

पुढच्या खंडेनवमीला सर पूजेचं ताट घेऊन आले, तर मनकर्णा यंत्राच्या दाराला पाठ लावून उभी.

"बाहेरून, सर," ती म्हणाली.

सरांनी मुकाट्यानं बाहेरूनच हळदकुंकू वाहिलं. आत त्या वर्षीची मेम्ब्रेन काळोखात ठेवलेली होती.