गर्दी जमवायचं काम

सेलिब्रिटी वेळेवर येत नाही, म्हणून माझं पोट भरतं. पाहुणा येईपर्यंत लोकांना धरून ठेवायला कुणीतरी लागतं, आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या नकल्याइतका स्वस्त माणूस दुसरा मिळत नाही. शाळेत असताना मी हेडमास्तरांचा आवाज काढून आख्खी शाळा मधल्या सुट्टीत घरी सोडली होती. त्याबद्दल त्यांनी मला छडी मोडेपर्यंत हाणलं. छडी मोडल्यावर ते जे किंचाळले, तो आवाज मी अजूनही फर्माईशीवर काढतो.

मानसिक आजारांवर काम करणारी एक संस्था आहे. तिथल्या ताईंनी मला बोलावलं. साठीच्या, सुती साडी, चष्मा नाकाच्या टोकावर. मी चार नट, दोन पुढारी आणि एक कीर्तनकार सलग काढून दाखवले. ताई हसल्या नाहीत.

"छान. स्वतःच्या आवाजात बोलता येतं का?"

"येतं, पण त्याचे पैसे कुणी देत नाही."

"आम्हीही देणार नाही. आणि एक लक्षात ठेव, वेड्याची नक्कल करायची नाही. एकदाही."

गॅदरिंगमध्ये सगळ्यात जास्त शिट्ट्या मला त्याच आयटमला पडायच्या. म्हणलं, ठीक आहे. हॉटेलात गेल्यावर मिसळीतली तर्री काढून घेतल्यासारखं झालं, पण ठीक आहे.

संस्थेची पद्धत सोपी होती. नावाजलेला माणूस गाठायचा. नट, खेळाडू, मालिकेतली एखादी सून. त्याने चौकात उभं राहून सांगायचं, की मलाही हा त्रास झाला, मी डॉक्टरकडे गेलो, बरा आहे. लोक तोंड बघायला येतात आणि जाताना दोन शब्द कानात पडतात. पाहुण्याच्या आधी तासभर आमचा टेम्पो पोचायचा. टेम्पोला पाहुण्याचा भलामोठा फ्लेक्स बांधलेला. त्याच्यामागे मी, माईक घेऊन. पाहुण्याच्या परवानगीने, पाहुण्याच्याच आवाजात म्हणायचं, "मी येतोय, तुम्ही पण या." लोकांना वाटायचं रेकॉर्डिंग लावलंय. मी कुणाला दिसायचो नाही. फ्लेक्समधून वारं जावं म्हणून अर्धगोल भोकं कापलेली असतात ना, त्यातून मी मात्र सगळं बघायचो.

टेम्पो चालवायचा दादा. पुण्याजवळच्या मांजरी गावचा. घरची उसाची जमीन होती, ती भावकीने विकली आणि तिथे टॉवर झाले. दादाला तरुणपणी आवाज ऐकू यायला लागले होते. मी त्याला म्हणायचो, "दादा, तुला फुकट ऐकू येतात. मी काढतो तर मला मानधन मिळतं. तुझा धंदा तोट्यातला आहे." तो पोट धरून हसायचा. संस्थेत त्याच्याशी असं बोलणारा मी एकटाच होतो. बाकी सगळे त्याच्याशी काचेच्या भांड्याशी बोलल्यासारखं बोलायचे.

त्याने एकदा चहा पिताना सांगितलं होतं. चुलत्यांनी त्याला बाभळीला बांधलं. देवऋषी आणला. ओला दोरखंड, वर मिरचीची धुरी. पाठीची सालटी निघाली, दोन बरगड्या मोडल्या, तरी म्हणे भूत निघेना.

"भूत असतं तर पहिल्याच दिशी पळालं असतं," दादा बशीत चहा ओतत म्हणाला. "मी हुतो म्हून टिकलो."

पुढे ताईंच्या ओळखीने औषधं सुरू झाली. कितीतरी वर्षं तो नेमाने गोळ्या घेत होता, टेम्पो चालवत होता. मांजरीचा कार्यक्रम ठरला तेव्हा तो ताईंपुढे जाऊन उभा राहिला.

"मांजरीत मी बोलनार. पाव्हन्याच्या आधी."

"तिथे तुमची सगळी भावकी असेल," ताई म्हणाल्या.

"म्हून तर."

पाहुणा होता सिनेमातला व्हिलन. खर्जातला आवाज, वाक्याच्या आधी नाकातून एक लांब श्वास. पडद्यावर त्याने किती जणांच्या कानाखाली काढल्या असतील, गणतीच नाही. प्रत्यक्षात मऊ माणूस. डिप्रेशनवर स्वतः औषधं घेतलेला, आणि ते न लाजता सांगणारा.

मांजरीचा चौक असा, की एका बाजूला जुनं गाव, दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्या, आणि मधे रसवंती. टेम्पो लावला. मी फ्लेक्समागे सुरू झालो. दादा खाली उतरला आणि सोसायटीच्या भिंतीच्या कडेने आपलं भाषण पाठ करत फिरायला लागला. मी स्टेजच्या आधी तसंच करतो, हातवारे करत, मोठ्याने. त्याने ते माझं बघून उचललं होतं.

"मला आजार हाय. लपवायचं कारन नाय. मला बांधलं हुतं, मारलं हुतं..." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा.

तेवढ्यात स्पीकरचा आवाज ऐकून एक लहान पोरगा सोसायटीच्या गेटमधून सुसाट बाहेर पळत आला. रस्त्यावरून पाण्याचा टँकर येत होता. दादाने झडप घालून पोराचा हात धरला आणि मागे खेचला. पोरगा घाबरून भोकाड पसरून रडायला लागला. त्याचा बाप गेटशी मोबाईलमध्ये मान घालून, व्हिलन कुठपर्यंत आलाय ते बघत उभा होता. त्याने मान वर केली तेव्हा टँकर निघून गेला होता. त्याला दिसलं ते एवढंच, की स्वतःशी बडबडणारा दाढीवाला माणूस आपल्या पोराला ओढतोय.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फिरत होता.

"पोरगा पळवतोय! धरा त्याला!"

पहिला फटका बापाचाच. नाकावर. मला भोकातून दादाचं डोकं मागे गेलेलं दिसलं आणि मग तो दिसायचाच बंद झाला, इतके लोक. सगळे माझ्या आवाजाने जमलेले. चपला, बेल्ट, कुणाच्या तरी पोराची क्रिकेटची बॅट. रसवंतीसमोर उभी केलेली उसाची मोळी लोकांनी बघता बघता पळवली. ऊस अंगावर मोडला की वेगळाच आवाज येतो. ओला, कडक्. मला सगळे आवाज काढता येतात, तो मी कधी काढणार नाही.

मी फ्लेक्समागून माझ्याच आवाजात ओरडलो, "अहो थांबा, तो आमचा ड्रायव्हर आहे!" कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. गावाच्या बाजूने एक म्हातारा ओरडला, "आरं, ह्यो तर आपल्यातलाच येडा हाय!"

मला वाटलं, सुटला. ओळखला.

त्यावर मार वाढला. आधी हातांनी मारत होते, आता पायांनी. दगड उचलणाऱ्याला कुणीतरी जागा करून दिली.

ताई गर्दीत घुसल्या होत्या. त्यांचा चष्मा उडाला, कुणाचं तरी कोपर गालफडात बसलं, तरी "बाजूला व्हा, बाजूला व्हा" चालूच. मी इन्स्पेक्टरचा आवाज काढला. शिटीसकट. पोलिसांना कुणी भीक घातली नाही. मग मी नाकातून लांब श्वास घेतला, खर्ज लावला आणि व्हिलनच्या आवाजात फक्त म्हणालो, "मी आलोय."

जादूच झाली. आख्खी गर्दी वळली. हातातले ऊस खाली, मोबाईल वर. ज्याने दगड उचलला होता त्याने तो काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा सुरू केला.

मधे जागा झाली. तिथे दादा पडला होता. डोक्यातून रक्ताची धार कानात जात होती, एक हात कोपरापासून उलटा. ताईंनी त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढत टेम्पोकडे आणला. तो हलत होता. मी बोलत राहिलो. "प्रेमाने उभे राहा. मागे सरका. अजून मागे. म्हणजे मी नीट दिसेन."

आता पळायचं. पण पळवणार कोण? चालवणारा एकच, तो रक्तात लोळतोय. मी आयुष्यात फक्त काकाची लुना चालवलीय. ताईंना सायकलसुद्धा येत नाही. मी बोलतोय, बोलतोय, घसा सुकला, व्हिलन काही प्रकट होईना. कुणीतरी फ्लेक्स धरून ओढला. टर्रकन फाटला. व्हिलनच्या छातीतून मी बाहेर आलो.

"च्यायला! हा तर कोण चिरकूट आहे!"

"नमस्कार," मी म्हणालो. अजून त्याच आवाजात. सवय.

मग माझा नंबर लागला. माईकच माझ्या तोंडावर मारला. वरचा ओठ दातांवर फाटला, समोरचा दात तुकडा होऊन जिभेवर आला. स्पीकर चालू होता, त्यामुळे माझ्या दातावर माईक आपटल्याचा आवाज आख्ख्या मांजरीने ऐकला. कुणीतरी केस धरून मला खाली खेचलं. पोटात लाथ बसली आणि सकाळचे पोहे चौकात आले. एक जण प्रत्येक लाथेला म्हणत होता, "नक्कल करतो? कर ना! कर!"

आणि खरा व्हिलन आला. पांढरी गाडी, दोन बाउन्सर, एक मॅनेजर. पायांचं जंगल माझ्यावरून निघून तिकडे पळालं. मी चिखलातून बघतोय, ज्याने माझा दात पाडला तो गाडीच्या काचेला चिकटून "सर, एक सेल्फी" करतोय.

व्हिलनला मात्र मी मानतो. काय झालंय हे ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं आणि त्याने काही न विचारता दादाला स्वतः उचलून गाडीत घातलं. मॅनेजर म्हणाला, "सर, सीट..." व्हिलनने फक्त बघितलं. पडद्यावर बघतो तसं. मॅनेजर पुढच्या सीटवर बसला.

हॉस्पिटलच्या अपघात विभागात दादाच्या हाताला प्लास्टर झालं, डोक्याला टाके पडले. माझा ओठ शिवला. व्हिलन आलाय म्हणून दारात ही गर्दी. आणि त्या गर्दीत, पोराला कडेवर घेऊन, तो बाप. आमच्या मागोमाग गाडी काढून आला होता. माफी मागायला नाही. त्याला वाटत होतं त्याने चोर पकडून दिलाय आणि व्हिलन त्याच्यासोबत फोटो काढेल.

"सर, तो वेडा आहे, डेंजरस आहे," तो म्हणाला. "त्याने माझ्या मुलाचा हात धरला होता."

दादा खाटेवर उठून बसला. मॅनेजरने सवयीने मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"मला आजार हाय," दादा म्हणाला. पाठ केलेलंच, पण पाठ केल्यासारखं नाही. ओठ सुजलेले, शब्द लाळेतून येत होते. "लपवायचं कारन नाय. मला बांधलं हुतं, मारलं हुतं. आता मी गोळ्या घेतो, टेम्पो चालवतो. तुझ्या पोराच्या अंगावर टँकर येत हुता. तू मोबाईल बघत हुतास."

पोरगा म्हणाला, "हो पप्पा, पाण्याचा. मोठा होता."

बाप म्हणाला, "तू गप."

दादा खाटेवरून उतरला आणि चांगल्या हाताने बापाच्या कानाखाली लावली. एकच. व्हिलन दचकून भिंतीला टेकला. आयुष्यभर खोट्या थपडा मारून त्याला खऱ्या थपडेचा आवाज माहीत नसावा. बापाने पोराला खाली ठेवलं आणि मूठ वळून हात उगारला.

"मार की," दादा म्हणाला. "आता गर्दी नाय."

हात वरच राहिला. मग बापाने पोराचं बोट धरलं आणि गेला.

"बसा आता," ताई म्हणाल्या. "टाके उसवले तर पुन्हा घालायला मी सांगणार नाही." मग मॅनेजरला, "ते काढून टाका."

"ऱ्हाऊ द्या," दादा म्हणाला. "मांजरीत दाखवा."

"बोलणं दाखवू. थप्पड कापू."

"कापायची नाय."

"अहो, लोक म्हणतील हे रुग्ण असेच मारकुटे असतात. आमची इतक्या वर्षांची मेहनत..."

"ताई, एवढ्या लोकांनी मला मारलं. त्यांना कोन येडं म्हनलं?"

ताईंनी व्हिलनकडे बघितलं. तो म्हणाला, "यांच्या जागी मी असतो तर कापू दिलं नसतं."

प्लास्टर निघाल्यावर आम्ही पुन्हा मांजरीला गेलो. फ्लेक्स नाही, पाहुणा नाही. टेम्पोच्या मागे पांढरा पडदा. संध्याकाळ होती, रसवंतीपाशी पंधरा-वीस टाळकी. काही जुन्या गावातली, काही सोसायटीतली. मी काही बोललो नाही, नुसतं बटण दाबलं. पडद्यावर सुजलेला दादा बोलायला लागला. थप्पड आली तेव्हा एक जण हसला, एका बाईने "बरं झालं" म्हटलं, आणि गावाच्या बाजूने एक दगड आला. पडदा फाडून टेम्पोच्या मागच्या काचेत घुसला. काचा माझ्या मानेवर.

"चला," ताई म्हणाल्या. "पुरे झालं. निघायचं."

दादा स्टेअरिंगवरून उतरला. खाली येऊन दगड उचलला, बघितला आणि पडद्याची फडफडणारी खालची कड त्याच्याखाली दाबून ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून. मग भावकी उभी होती तिकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभा राहिला.

"नकल्या," तो म्हणाला, "परत लाव."

मी लावलं.